बरगड्यांच्या फटीतून

पहाटेचे तीन. कुटाइसी.
बर्फ वितळून फुगलेली नदी बंद खिडकीतूनही ऐकू येते.
चार नंबरला ओतिया, चियातुराच्या मँगनीजच्या खाणीत
एकतीस वर्षं काढलेला.
मास्कच्या पट्ट्यांचे वळ उठलेत गालांवर.
मॉनिटरवर त्र्याण्णव, हिरवे.
नानुली सिस्टर म्हणते, ठीक चाललंय.
लिहितेही तसंच.

मी जेल तळहातावर कोमट करून घेते,
आठव्या-नवव्या बरगडीच्या मध्ये प्रोब टेकवते,
पेन धरावं तसा.
आधी नुसतं करडं, पीठ सांडल्यासारखं.
मग दोन पांढऱ्या रेघा
आणि मधला काळसर पट्टा: श्वासाचा स्नायू.
सोडताना दोन पूर्णांक एक मिलिमीटर.
घेताना दोन पूर्णांक चार.
पुन्हा मोजते.
तिसऱ्यांदाही मोजते, कारण भरती होताना त्यानं सांगितलं होतं,
गावात खर्ज मी धरायचो,
बाकीचे वर जायचे, मी खाली जमीन होऊन बसायचो.

चौदा टक्के. निदान वीस हवेत.
म्हणजे ओढतंय ते मशीन.
तो हिरवा आकडाही मशीनचाच.
खुर्चीत बूट काढून झोपलेल्या त्सियालाला हे ठाऊक नाही.
मला कळलं,
आणि कळल्यामुळे आता
सकाळपर्यंत थांबणं हासुद्धा निर्णयच झाला.

चुकतही असेन. वीस हा आकडा
कुणीतरी कुठल्यातरी परक्या बरगड्यांवरून काढलेला.

रेवाजला फोन लावते.
"त्र्याण्णव आहे ना?"
"हो. म्हणून तर आत्ता."

नळी स्वरतंतूंमधून जाते.
त्याआधी मी मास्क बाजूला धरते, अर्धं मिनिट.
बोला, म्हणते.
वाटलं, देवाचं नाव घेईल.
तो म्हणाला, तीन श्वासांत तोडून:
"अंगणातला तिसरा रांजण...
मी येईपर्यंत...
उघडू नका."
त्सियाला जागीच होती.
"नाही उघडत," म्हणाली, आणि त्याच्या पायावरची चादर सारखी केली.

नंतर, रेवाज हातमोजे चढवत असताना,
मला दारापाशी ओढून:
तिसरा रांजण मागच्याच वर्षी तडकला,
आम्ही दोघांनी मिळून मातीनं बुजवला.

कार्बन डायऑक्साइड चढलाय, भ्रम होतोय,
आणखी एक खूण, मी मनात म्हटलं.
कागदावर फक्त जाडी लिहिली.