जिन्याखालचं माप

बर्डीवर, जिन्याखाली,
चार बाय तीन फूट, एवढीच माझी जागा.
वरती दुकानात जीन्स विकते.
खाली माझ्याकडे ती कोणाची तरी होते.

वरचा पोट्टा, चेतन धकाते, दिवसभर सांगून राहते गिऱ्हाइकाले:
स्किनी म्हणजे कातडीसारखी,
स्लिम म्हणजे बोट जाईन एवढी जागा,
टेपर्ड मांडीले मोकळी, घोट्याले आवळ.
बूटकटचा एक गठ्ठा माळ्यावर पडून आहे.
"येईन तिचाही लंबर," शेठ म्हणते.
शेठचा फॅशनवर नाही, माळ्यावर विश्वास.

चेतन चुकत नाही. पण त्याले जीन्स पायापासून माहीत,
मले सुतापासून.
बाप माझा मिलमध्ये साच्यावर होता.
सांगे, उभा धागा निळा, आडवा पांढरा, वीण तिरपी,
म्हणून निळं वर दिसते अन् पांढरं आत राहते.
घासलं का पांढरं वर येते.
आता त्याले फेड म्हणतात, चारशे रुपये जास्त.
बापाच्या शर्टाचे खांदे असेच पांढरे झाले होते,
त्याचे कोणी काही दिले नाही.

मानकापूरच्या मैदानावर भरतीसाठी पळणारे पोट्टे येतात,
कंबर तीस, मांडी मावत नाही.
त्याईले सांगतो, कंबर मोठी घे बावा,
मागून चिमटा मी काढतो.
राइज म्हणजे काय, विचारलं एकानं.
म्हटलं, पंगतीत मांडी घालून बस,
मंग पाठीले हवा लागली का समज, चुकीची घेतली.
एकाच्या आईनं फाटक्या गुडघ्याले ठिगळ लावाले पाठवली.
तासाभरानं तोच आला, काका, उसवून द्या.
दोन्हीची मजुरी घेतली.

मे महिना. कूलरचं पाणी संपलेलं.
हेमराज बारापात्रे आला, इतवारी पोस्टातला,
वय पंचावन, आजवर फक्त चुन्या पडलेली ढगळ पँट.
डावा पाय लहानपणीच्या तापानं बारीक राहिला,
मनगटाएवढा, म्हणते तो स्वतःच.
हातात नवी जीन्स. स्लिम.
चेतननं त्याले बॅगी दाखवली होती, चांगल्या मनानं,
"आता तं सगळे हेच घालतात, काका, काही दिसत नाही."

"पन्नास वर्षं हेच घातलं," हेमराज म्हणाला,
"तेव्हा हसे लोक. आता पोट्टे दोन हजारांत घेऊन राह्यले.
मले नाही पाह्यजे आता."

मी टेप काढला.
म्हटलं, डावीकडं आतून जाड अस्तर टाकतो,
दोन्ही सारखे दिसतीन.
तो थांबला.
रस्त्यावरून एक ई-रिक्षा गेला, संत्रा बर्फीची पाटी घेऊन.
"नको," म्हणाला. "जसा आहे तसाच बसव.
उजव्याचं उजव्याले, डाव्याचं डाव्याले."

मी खाली बसलो. उजवी पोटरी साडेचौदा.
डावी आठ.
टेप तिच्यावर फिरवताना
माझाच हात थोडा जास्त वेळ राहिला तिथं.
तो वर जिन्याकडं पाहत होता.

बाहेरची शिवण दुहेरी, नारिंगी धाग्याची,
ती उसवायची म्हणजे जीव जाते,
म्हणून आतून घेतलं, गुडघ्यापासून हळूहळू खाली,
एका पायात एक फिट, दुसऱ्यात दुसरी.
साठ रुपये सांगितले. त्यानं ऐंशी दिले, मी वीस परत केले,
त्यानं ठेवून घेतले.

तिथंच पडद्यामागं घालून गेला.
चालताना डावा पाय तसाच फेकला त्यानं, बाहेरून वळवून,
पण कापड फडफडलं नाही.

चेतन खाली आला, चिठ्ठी पाहिली.
मापं होती, नाव होतं,
फिटचा रकाना कोरा.
"काका, इथं काय लिहायचं?"

मी सुई तेलात बुडवली.
म्हटलं, बॉबिन दे ते,
निळं नाही, नारिंगी.