सातवी रेघ

रात्रपाळीत माझ्याकडे अकरा माणसं असतात,
म्हणजे अकरा रेघा.
अकुरेयरीच्या या खोलीत खाट एकही नाही,
स्पिरिटचा वास नाही, कण्हणं नाही.
खिडकीबाहेर मे महिना. रात्रीचे दोन, आणि उजेड
ताकावरच्या निवळीसारखा.

सातवी रेघ स्टाइनग्रीमुरची.
वय एकाहत्तर, मेंढ्या दोनशे चाळीस, बायपास तीन आठवड्यांपूर्वी.
रेक्याविकहून छाती तारेने शिवून घरी धाडला
तेव्हा मनगटावर पट्टा बांधला आणि बजावलं:
दुधाच्या दोन पिशव्यांहून जड काही उचलायचं नाही.
तो म्हणाला, बरं.
इथले म्हातारे वादळालाही बरं म्हणतात
आणि टोपी घालून बाहेर पडतात.

सोमवारी पावणेतीनला पावलं दोन हजार एकशे.
फोन केला.
"झोपलो होतो," म्हणाला.
मागे कुणीतरी बें केलं.
"झोपेत चालतोस?"
"बायको स्वप्नात पिटाळते."
बायको सहा वर्षांपूर्वी गेली, फाइलीत आहे.
मी हसले नाही.
मग आपणहून सांगत बसला:
कोकरं यंदा पायाकडून येतायत,
शेजारचा ईसाक येतो मदतीला, पण त्याचा पंजा फावड्याएवढा.
"माझा हात लहान आहे. आईवर गेलाय."
मी नोंद केली: रुग्णास समज दिली.

गुरुवार. तीन वाजून बारा मिनिटं.
ब्याऐंशी, ब्याऐंशी, मग काहीच नाही,
मग दोनशे बारा.
तांबडा चौकोन. शिट्टी.
माणसाचं काळीज असं धावू लागलं तर फार वेळ धावत नाही.
एका कानाला रुग्णवाहिका, दुसऱ्या कानाला तो.
गाडीला चाळीस मिनिटं.
नवव्या घंटीला उचलला.
"मी नाही तो," म्हणाला. "ती आहे."
"कोण ती?"
"जुळ्यातली धाकटी. मघाशी झाली. गारठलीय. आई चाटत नाही तिला.
पलीकडे अजून तीन अडल्यात, मला दोन ठिकाणी बसता येत नाही.
मांडीच्या आत, लोकर नाही तिथे, बांधलाय पट्टा.
तू जागीच असतेस ना."

मला पुष्कळ बोलता आलं असतं.
नियमावलीचं ते पान मला पाठ आहे.
गाडी परत फिरवली.
"किती झाले की हाक मारू?"
"काय किती?"
"ठोके. तिचे."
तो जरा गप्प. मग, "शंभराच्या खाली आले तर."

एकशे नव्वद. एकशे चाळीस.
चौथ्या रेघेने पाणी मागितलं, म्हणजे कूस बदलली; ठीक.
एकशे अठरा.
एकशे नऊला मी फोन हातात घेतला.
दीडशे किलोमीटरवरून मी फुंकर ती काय घालणार,
तरी ओठ पुढे झाले.
एकशे अकरा.
एकशे तीस.
कुणाला सांगू, कुणीच नव्हतं खोलीत.

पाच सव्वीसला सातवी रेघ गेली.
आडवी झाली नाही, गेली.
पहिल्याच घंटीला तो:
"दूध पिताना लाथ झाडली भवानीने! पट्टा गवतात उडाला."
हसत होता. धापा टाकत हसत होता.
धापा.
"स्टाइनग्रीमुर, खाली बस."
"बरं."
"बसलास?"
"पट्टा शोधतो आधी."

कोकराचे ठोके मला पुसता येत नाहीत,
यंत्रात ते त्याच्याच नावावर जमा आहेत.
सकाळी डॉक्टर विचारतील, सांगेन.
त्या सव्वादोन तासांत त्याचं स्वतःचं काळीज काय करत होतं
ते मात्र कुठेही नाही.

फोन मी ठेवला नाही.
गवत चाळल्याची खसखस, मधेच एक शिवी, मधेच श्वास.
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत
तो मी बोटांवर मोजला.