खाटकाचा डबा

चरबी मला बोटांनी कळते.
तीस वर्षं ताकुआरेम्बोच्या बाजारात
सुरीखाली सोलत आलो तिला,
जुलैत मेणासारखी घट्ट, जानेवारीत ओघळती.
माझ्या रक्तातली मात्र कागदावरच दिसली:
दोनशे अडुसष्ट.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "विल्मार,
ओट भिजव, मसूर शिजव.
त्यांचा बुळबुळीत चोथा पित्ताला धरून
बाहेर घेऊन जातो;
मग नवं पित्त करायला यकृत
रक्तातलंच कोलेस्टेरॉल ओढून घेतं."
म्हणजे गोदामातला जुना माल खपवायचा.
दुकानदाराला हे पटलं.

गिऱ्हाइकं हसतात: खाटीक
फळीमागे बसून घेवडा खातोय!
रविवारी निखाऱ्यांवर मी वांगी ठेवतो,
शेजारी ओमर बरगड्या भाजतो.
धूर एकच. नाकाला कोण समजावणार?

चार महिन्यांनी दोनशे सव्वीस.
"उरलेलं वडिलांकडून आलंय,"
बाई म्हणाल्या, आणि एक गोळी लिहून दिली.

वडील एक्कावन्नाव्या वर्षी
याच फळीवर कोसळले, हातात सुरी.
ती मी अजून धार लावून वापरतो.
आज तिनं कांदा चिरला, भोपळी मिरची चिरली,
आणि पातं धुवायला
गरम पाणी लागलं नाही.