कला म्हणजे मासा

तार्तूत फेब्रुवारीचे साडेचार वाजले
की खिडकीत बाहेरचं काही दिसत नाही,
आपलाच स्क्रीन दिसतो, उलटा.
त्रीनूच्या पुढ्यात गार कॉफी
आणि दोन लाख पोस्ट.
प्रत्येकीला एकेक भाषा नेमून द्यायची,
उद्या नऊच्या आत.

यंत्र तसं बरं शिकलंय.
तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडतं, मोजतं,
शितावरून भात ओळखतं,
कधी कधी शीत नसतानाही.
काल नुसत्या बदामाच्या चित्राला
त्याने लाटवियन ठरवलं, बत्तीस टक्के.
त्रीनू हसली आणि पुढे गेली.

मग ही एक.
रउगेच्या तळ्यावरची. बर्फाला पाडलेलं भोक,
पालथी बादली, खाली एक ओळ.
यंत्र म्हणालं: फिनिश, एकसष्ट.
एस्टोनियन, तीस.
उरलेले नऊ कोणालाच नाहीत.

तिने ओळ मनातल्या मनात वाचली
आणि घसा आपोआप मिटला,
लहानपणी मिटायचा तसा,
शब्द संपता संपता.
इथल्या शाळेत पहिल्याच आठवड्यात
ती सवय तिने सोडली होती.

वोरो.
हेल्दुर लिहितो, तो दुधाची गाडी चालवायचा,
मुलांना चाकामागे उभं राहू द्यायचा नाही.
शब्दाच्या शेवटी तो क्यू लावतो.
त्याचा उच्चार म्हणावा तर काहीच नाही,
गिळता गिळता राहिलेला आवंढा.
तिकडे कला म्हणजे मासा.
कलाला क्यू लागला की मासे.

हेल्दुरने लिहिलं होतं: मासे आहेत, बसायला कोणी नाही.
यंत्रापर्यंत पोचला तो मासा, एकटा.

क्यू कुठे गळतो ते शोधायला
ती कोडमध्ये उतरली,
एका फाइलीतून दुसरीत, तिथून तिसरीत.
साफसफाईच्या भागात एक ओळ सापडली:
शब्दाअखेरचा क्यू काढून टाका, टायपिंगची चूक.
चार वर्षांपूर्वीची तारीख.
लिहिणारीचं नाव: त्रीनू.

कॉफीवर साय धरली होती, ती तिने बोटाने काढली.
मग ओळ काढली.
यंत्र पुन्हा चालवलं, बराच वेळ घेतला त्याने.
म्हणालं: अज्ञात.
फिनिशपेक्षा हे बरं, असं ती मोठ्याने म्हणाली,
पलीकडच्या टेबलावरचं कोणी वर पाहिलं नाही.

यादीत एकशे चार भाषा. वोरो नाही.
नमुने आणा, मग रकाना मिळेल, असा नियम,
तोही बहुतेक तिनेच लिहिलेला.

फोन काढून तिने पोस्टखाली लिहिलं,
रविवारी येते, आमिष ठेव.
फोन क्यू खोडत होता. तीनदा खोडला,
चौथ्यांदा राहू दिला.

हेल्दुरचा अंगठा आला लगेच,
नुसता पिवळा अंगठा.
तो यंत्रात घालून पाहायचा मोह तिला आवरला नाही.

लाटवियन.