डावं-उजवं

काचेवर आधी मिठाचा हात,
मग कार्बन.
काच तिरकी पाण्यात उतरवते, मीठ विरघळतं,
आणि सायीहून पातळ काळपट पापुद्रा
तरंगत सुटतो.
घणसोलीत आमचं मिठागर होतं.
बाबा मीठ ओढायचे. मी विरघळवते.

त्या पापुद्र्यातून ड्यूटेरॉन जातात.
काही फाटत नाही, भोकही दिसत नाही;
फक्त आतली गिरकी
जराशी एका अंगाला कलते.
पुढच्या पापुद्र्यावर आपटेपर्यंत
त्यांचं त्यांनाही ठाऊक नसावं.

रात्री अडीचला मोजले :
डावीकडे चार हजार एकशे बारा,
उजवीकडे तीन हजार सातशे नव्वद.
"घरतबाई, काउंटरची खोड असेल," टिपणीस म्हणाले.
काउंटरांची अदलाबदल केली.
जास्तीचे डावीकडेच.

पंगतीत डावं-उजवं करू नये गो,
आई वाढताना म्हणायची.

सकाळी चालत घरी.
आमच्या वाफ्यांवर आता कुठल्याशा कंपनीचं पार्किंग,
रस्त्याच्या उजव्या अंगाला.
सावली तिकडंच असते, फुटपाथही धड.
अकरा वर्षं झाली,
एकदाही तिकडून गेले नाही.
आज मोजलं तेव्हा कळलं.