खिडकी क्रमांक तीन

फॉर्मवर एक रकाना आहे, दोन बोटं रुंद:
शुल्क भरणाऱ्याचे नाव. विद्यार्थ्याशी नाते.
एवढ्यात बहुतेक बाप मावतात. कधी मामा.
एकदा एकाने लिहिलं होतं, 'आईच्या पाटल्या'.
मी फॉर्म परत केला. नियम आहे.

घणसोलीचे हसूराम घरत आज
ड्राफ्ट कमी पडला म्हणून उरलेली रोख घेऊन आले.
मागे मुलगी, ग्रीष्मा. फिजिओथेरपी, दुसरं वर्ष,
काचेकडे न बघता फरशीकडे बघणारी.
नोटा मशीनमधून दोनदा गेल्या.
तेवढ्यात ते म्हणाले,
"यो तुमचा काउंटर हाय ना बाय,
याचेच खाली आमची उघारी व्हती."

उघाडी म्हणजे खारबांधातलं दार,
ओहोटीला उघडायचं, भरतीला मिटायचं.
मला विचारावं लागलं.

"खांड गेली का अख्खा गाव रातचा भायेर.
कोनाचा शेत, कोनी इचारला नाय."

दाराशी सिक्युरिटीचे तायडे होते. त्यांना राहवेना.
"काका, बांध फुटला तर गाव बुडायचं.
तुमची पोर नाही शिकली तर कोण बुडतं?
माझा पोरगा नववीतच सुटला.
सरकारनं हिची फी भरली, तर त्याच्याही काडेपेटीतून जाणार.
आणि उद्या दवाखान्यात पैसे घेणार हीच."

घरत काही बोलले नाहीत.
मला वाटलं होतं, बोलतील.
ग्रीष्माने मान वर केली,
तायड्यांच्या उभं राहण्याकडे बघितलं,
बारा तासांची ड्यूटी, सगळा भार एका पायावर.
"डावा गुडघा ना?" तिने विचारलं.
तायडे म्हणाले, "तो वेगळा विषय."

माझं पॉलिटेक्निक सरकारी. टर्मला साडेतीनशे.
ते अण्णांनी भरले
आणि पुढे वीस वर्षं ऐकवले.
बाकीचे कुणी भरले, ते पावतीवर नव्हतं.
कुणी साबण घेतला असेल,
कुणी नाटकाला गेलं असेल,
कुणाची जमीन गेली असेल.
मीही कधी विचारलं नाही.

प्रिंटर अडकला, मग सुटला.
घरत हसूराम पदाजी. नाते: वडील.
शिक्क्याला शाई जास्त लागली.
"वाळू द्या," मी म्हटलं.
ते पावती दोन्ही हातांनी आडवी धरून
तिथेच उभे राहिले, खिडकीसमोर,
आणि मागची रांग थांबून राहिली.