छपराचा साकव

आजऱ्याहून वडाप सुटलं तेव्हा
ड्रायव्हर म्हणाला, साकव बघायला? एवढ्या लांब?
आणि हसून गिअर टाकला.

शेवटचे दोन किलोमीटर पायी.
काजूच्या बागा, मध्येच घनसाळचं एखादं खाचर,
कापणी झालेलं, घोट्याला ओरबाडणारं.
मग वळणावर दिसला:
ओढ्यावर कुणी एक लांबट घर आडवं निजवावं,
दोन्ही दारं सताड उघडी,
आणि राहायला कोणी नाही.

निंगाप्पा वर बसून कौलं शाकारत होता.
मी खालून विचारलं, पुलाला छप्पर कशाला?
त्यानं आधी एक फुटकं कौल पाण्यात सोडलं,
त्याचा आवाज ऐकला, मग म्हणाला,
"माणसं भिजली तर वाळत्यात.
लाकूड आतनं वाळत न्हाई."

आत शिरलो.
उन्हातून आल्यावर आधी काहीच दिसत नाही,
नुसता वटवाघळांचा वास
आणि पायाखाली, फटींच्या मापाचं, तुकड्यातुकड्यानं पाणी.
डोळे सरावले तशा खांबावर चुन्याच्या रेघा दिसल्या,
कुठल्या साली पूर कुठवर आला त्याच्या.
सगळ्यात वरची माझ्या खांद्याला लागते.
तुळईवर शेणी रचलेल्या. खुंटीला कुणाची तरी छत्री.
मध्ये एक शेळी, जिनं मला वाट दिली नाही.

वरच्या अंगाला आता सिमेंटचा पूल आहे.
उसाचा ट्रॅक्टर टेप लावून त्यावरून गेला
आणि इथली कौलं किणकिणली,
शेजारी भांडण लागल्यावर कान टवकारावेत तशी.

मधोमध एक फळी वेगळी.
गुळगुळीत, काळपट, दौतीपुरती खोबण,
आणि कर्कटकानं कोरलेलं:
बायाक्का मसणू, चौथी.
पुढे आडनावाला जागा उरली नव्हती.

"बाक हाय त्यो शाळंचा," वरून आवाज आला.
"पुरात दोन फळ्या गेल्या, तवा गुरुजींनी दिला.
पोरं वरीसभर जमिनीवर बसली."

आणि ही बायाक्का?
"ती कुठं जाणार. दूध घालायला येती की रोज ह्यावरनं."

मी नाव चुकवून कडेनं जाऊ लागलो.
कौलांच्या फटीत निंगाप्पाचा एक डोळा आला.
"नावावरच पाय द्या सायेब,
कडंच्या फळीचा भरवसा न्हाई."